अकरा वर्षांचा पाहुणा

मी शिंपी आहे. माणूस दुकानाच्या दारात उभा राहिला की त्याच्या खांद्याचं माप मी नजरेनंच घेतो. एक खांदा पडका असला तर कोटात तो कसा झाकायचा, हे तो तोंड उघडायच्या आत माझ्या डोक्यात ठरलेलं असतं. असं असूनही आमच्या चर्चमध्ये डाव्या हाताच्या शेवटच्या खांबामागे बसणारा एक माणूस मला अकरा वर्षं दिसला नाही. हे आधीच कबूल करून टाकतो.

त्या माणसाला आता सगळे मीटरभाऊ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. काम पाणीखात्यात, मीटर वाचायचं. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत बॅटरी, जुन्या बनियनचं फडकं आणि एक वाकडा लोखंडी हूक. रोजची साठ-सत्तर घरं. जिन्याखाली वाकायचं, हुकानं झाकण उचलायचं, काचेवरची माती पुसायची, आकडा लिहायचा, झाकण लावायचं, की पुढचं घर. आतून कोणीतरी विचारतं, "कोण?" हे म्हणतात, "मीटर." नुसतं "मीटर". "मीटरवाला"सुद्धा नाही. आतून उत्तर येतं, "घ्या!" तीस वर्षांच्या नोकरीत त्यांचं लोकांशी झालेलं बोलणं बहुतेक एवढंच.

"चेहरे फार कमी पाहिले, मामा," ते मला एकदा म्हणाले. "पण कोणाच्या घरात किती माणसं आहेत ते आकड्यावरून कळतं. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला की कळतं. बाळ आलं की पहिल्याच महिन्यात कळतं."

आणि मग जरा थांबून म्हणाले, "माणूस गेलं की तेही कळतं."

ते आमच्या भागात राहायला आले तेव्हाच त्यांच्या बायकोनं अंथरूण धरलेलं होतं. कमरेखालचं अंग गेलं होतं. सात वर्षं ती तशीच होती. रविवारी सकाळी शेजारच्या अक्का दीड तास तिच्यापाशी बसायच्या आणि तेवढ्या वेळात हे चर्चला यायचे. यायचे ते घंटा संपता संपता. खांबामागच्या बाकावर टोकाला बसायचे, म्हणजे उठताना कोणाला पाय घ्या म्हणावं लागू नये. शेवटचं गाणं सुरू झालं, सगळे उभे राहिले की मागच्या दारानं बाहेर, आणि तिथून जवळजवळ पळत घरी. अक्कांना साडेदहाला त्यांच्या नातवाकडे जायचं असायचं.

चार वर्षांपूर्वी बायको गेली. तिच्या भावाच्या इच्छेनं तिला तिच्या गावी नेऊन पुरलं. इथं चर्चमध्ये कोणाला कळवायचं, हे त्यांना सुचलं नाही. ओळखच कोणाशी नव्हती. पुढच्या महिन्यात स्वतःच्या गल्लीतले मीटर वाचत ते स्वतःच्या घरापाशी आले. नेहमीसारखं झाकण उचललं, काच पुसली. अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की चादरी, कपडे, पुसापुशी, पाणी फार लागतं. दर महिन्याला अकरा युनिट यायची. त्या महिन्यात चार आली होती. ते म्हणाले, "आकडा लिहिला आणि तिथंच पायरीवर बसलो. त्या दिवशी पुढची घरं झाली नाहीत."

आता रविवारी घाईनं घरी जायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी शेवटच्या गाण्याला ते उठायचेच. मी एकदा विचारलं, "का हो?" तर म्हणाले, "थांबून करायचं काय?"

ती गेल्यावर दोन-अडीच वर्षांनी आमचे जुने पाळक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे आले. वय चाळिशीचं, आवाज खणखणीत, आणि हसले की दोन्ही खांदे हलतात. (कोट शिवायला अवघड माणूस.) दीड-एक वर्ष त्यांनी नुसतं पाहिलं आणि मग एका रविवारी उपासनेनंतर आम्हाला थांबवून घेतलं.

"नवी माणसं येतात," ते म्हणाले, "एकदा बसतात आणि जातात. कोण होती, कुठून आली, परत का आली नाहीत, आपल्याला काही पत्ता नाही. हे चर्च आहे का बसस्टॉप?"

झालं, स्वागत समिती स्थापन झाली. प्रमुख म्हणून मोठ्या बाई. मोठ्या बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. चौतीस वर्षं शाळा चालवलेली. निम्मी मंडळी त्यांच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे त्या आत आल्या की पन्नाशीच्या बायकासुद्धा पदर नाहीतर पर्स सावरून ताठ बसतात. बाई पाळकांना म्हणाल्या, "मला एक वही, एक माणूस आणि दोन्ही दारं ताब्यात लागतील." त्यातला माणूस म्हणजे मी.

बाईंनी तीन गोष्टी ठरवल्या. पहिली, उपासनेनंतरच्या चहाला आमचे कप पांढरे असतात, तर नव्या माणसाला पिवळ्या कपात चहा द्यायचा. पिवळा कप दिसला की जवळच्यानं जाऊन बोलायचं. दुसरी, पाहुण्यानं एक कार्ड भरायचं, मग दोन दिवसांत फोन, आठवड्याच्या आत केक घेऊन घरी भेट, आणि सलग तीन रविवार आला की त्याला पांढरा कप. म्हणजे तो आपला झाला. तिसरी गोष्ट दारांची. शेवटच्या गाण्याला कोणी सटकू नये म्हणून पुढच्या दारात बाई आणि मागच्या दारात मी.

पहिल्याच रविवारी दोन पिवळे कप गेले. एक गेला लाउडस्पीकर दुरुस्त करायला आलेल्या माणसाकडे. एका हातात स्क्रूड्रायव्हर आणि दुसऱ्या हातात पिवळा कप घेऊन तो बिचारा अर्धा तास उभा होता. अकरा जणांनी त्याचं स्वागत केलं, दोघांनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. तो जो गेला तो लाउडस्पीकर तसाच उघडा टाकून. दुसरा कप पाळकांच्या मेहुणीला. ती चार दिवस राहायला आली होती. कार्डावर प्रश्न होता, "आमच्या चर्चची माहिती आपणांस कशी मिळाली?" तिनं लिहिलं, "ताईनं लग्न केल्यामुळे." मोठ्या बाईंनी ते कार्डही वहीत नीट चिकटवलं. वही म्हणजे वही.

पहिल्या रविवारी त्या गडबडीत माझं दार सुटलं होतं; दुसऱ्या रविवारी मात्र मी मागच्या दारात उभा होतो. शेवटचं गाणं सुरू झालं आणि खांबामागून एक माणूस मान खाली घालून सरळ माझ्या अंगावर आला. मी दोन्ही हात पसरले. अगदी कोंबडी पकडावी तसे.

"अहो, थांबा, थांबा! पहिल्यांदाच आलात ना?"

ते गडबडले. मग "हो" म्हणाले. तेवढ्यात पुढच्या दारावरून बाई आल्या. बाई चालत येतात तेव्हा गाणंसुद्धा जरा बाजूला सरतं. त्यांनी मीटरभाऊंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "किती छान झालं तुम्ही आलात ते! आता चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. चला."

"बाईंचा हात गरम होता," मीटरभाऊंनी मला नंतर सांगितलं. "किती दिवसांत कोणी हात धरला नव्हता, मामा. मी सांगणार होतो, देवाशप्पथ सांगणार होतो. पण तुम्ही विचारलंत, पहिल्यांदाच ना? आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं."

त्या दिवशी पिवळा कप घेऊन ते टेबलाशी उभे राहिले आणि लोक एकामागून एक आले. कोणी विचारलं, कुठं राहता? कोणी विचारलं, नोकरी काय? एकीनं बिस्किटं पुढे केली. बाईंनी कार्ड आणि पेन दिलं. कितवी भेट याला "पहिली" भरलं, पत्ता भरला, काम भरलं. चौथा प्रश्न होता, "घरात किती जण?" तिथं पेन बराच वेळ थांबलं. मी बाजूलाच होतो. मला वाटलं शाई संपली, म्हणून मी माझं पेन पुढे केलं. ते म्हणाले, "नको, चालतंय," आणि "एक" लिहिलं. चार वर्षांत त्यांनी ते कुठं लिहिलेलं नव्हतं.

मंगळवारी बाईंचा फोन गेला. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्या घरी पोचलो. केक आमच्या हिनं केलेला. निघताना ती म्हणाली होती, "डबा परत आणा हं. मागचा लाउडस्पीकरवाल्याच्या नावानं गेला तो गेलाच."

घर दोन खोल्यांचं. फरशी इतकी पुसलेली की चपला कुठं काढाव्यात असा प्रश्न पडावा. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक रिकामी लोखंडी खाट होती, गादीशिवायची. तिच्यावर घडी केलेली वर्तमानपत्रं रचून ठेवली होती. खुर्च्या दोन. एकीची बैठक झिजून चकचकीत झालेली आणि दुसरी कोरी असल्यासारखी. कोरीवर त्यांनी बाईंना बसवलं, झिजलेलीवर मला. स्वतः खाटेच्या कडेला टेकले.

ते बोलायला लागले आणि थांबेचनात. मीटरमध्ये एक बारीक लाल चक्र असतं; घरातले सगळे नळ बंद असतानाही ते फिरत असलं तर कुठंतरी गळती आहे, हे त्यांनी आम्हाला हातांनी करून दाखवलं. बायकोबद्दल सांगितलं. ती झोपल्या-झोपल्या शब्दकोडी सोडवायची आणि अडलं की यांना हाक मारायची. यांना कधी एक शब्द आला नाही, पण ती प्रत्येक वेळी विचारायचीच. बाईंनी घड्याळ पाहिलं नाही. मग त्यांनी सहज विचारलं, "यापूर्वी कुठल्या चर्चला जात होतात?"

मीटरभाऊंनी हातातली बशी खाटेवर ठेवली.

"होतं एक," ते म्हणाले. "अकरा वर्षं जात होतो. पण तिथं... तिथं कोणी फारसं बोलायचं नाही."

"फारसं म्हणजे?"

"म्हणजे कोणी बोललंच नाही."

"अकरा वर्षं?" बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "घरात माणूस आजारी आणि कोणी विचारायला आलं नाही? ती गेली तरी नाही?"

"त्यांना माहीत नव्हतं."

"माहीत करून घ्यायला नको? कसली माणसं असतात एकेक! गाणी म्हणायला तेवढी पुढं!" बाईंचा चेहरा लाल झाला होता. मीही जीभ टाळ्याला लावून च् च् केलं. चांगलं तीन-चार वेळा केलं. मीटरभाऊ खाली बघत होते. मग त्यांनी बाईंच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा ठेवला.

बाईंनी ही गोष्ट पाळकांना सांगितली, आणि पाळकांना विषय हवाच असतो. रविवारी ते म्हणाले, "आपल्यामध्ये एक बंधू आले आहेत. त्यांच्या जुन्या चर्चमध्ये अकरा वर्षं त्यांच्याशी एकही माणूस बोलला नाही. अकरा वर्षं!" सगळ्या चर्चनं एकदम श्वास टाकला. माझ्या पुढच्या बाकावरची बाई शेजारणीला म्हणाली, "आपल्याकडे नाही बाई असलं काही." पाळक चांगली पंचवीस मिनिटं बोलले. त्या दुसऱ्या चर्चची मला खरोखर कीव आली.

मीटरभाऊ खांबामागे होते. ते म्हणतात, तेव्हा उठून पळावंसं वाटलं, पण शेवटच्या गाण्याला मागच्या दारात मी उभा होतो. त्या दिवशी ते पहिल्यांदा शेवटचं गाणं संपेपर्यंत उभे राहिले. आम्ही शेवटी म्हणतो त्या गाण्यांची पहिली कडवी त्यांना पाठ होती, पण शेवटची कडवी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. पुस्तकात बोट ठेवून, लहान पोरासारखी ओळ शोधत ते म्हणत होते.

तीन रविवार झाले. चौथ्या रविवारी बाईंनी सगळ्यांसमोर त्यांना पांढरा कप दिला. टाळ्या वाजल्या. "आता तुम्ही आमचे," बाई म्हणाल्या.

आणि तिथूनच सगळं थंडावलं. समितीला नवे पाहुणे होते, बदली होऊन आलेलं एक जोडपं होतं, त्यांची जुळी होती. पिवळे कप तिकडे. पांढरा कप म्हणजे घरचा माणूस; घरच्या माणसाला कोण विचारतं, काय हो, कसे आहात? मीही टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होतो. मीटरभाऊ पांढरा कप घेऊन खिडकीशी उभे राहायचे. चहा संपला तरी कप हातात ठेवायचे, कारण रिकाम्या हातांचं काय करायचं हे कळत नाही. एक रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी ते टेबलाशी आले, आजूबाजूला पाहिलं आणि त्यांचा हात पिवळ्या कपाकडे गेला.

"तो नको," मागून कोणीतरी हळूच म्हणालं. "तुमचा पांढरा."

मागे घंटेकाका उभे होते. हे आमच्या चर्चचे राखणदार. झाडणं, घंटा वाजवणं, दारं उघडणं-लावणं सगळं त्यांच्याकडे. सत्तरी उलटलेली, बोलणं मोजकं. चर्चमध्ये ते सगळ्यांना दिसतात आणि कोणी त्यांच्याकडे बघत नाही.

"खांबामागची जागा अजून तीच ठेवलीत," घंटेकाका म्हणाले.

मीटरभाऊंनी हात मागे घेतला. "तुम्हाला माहीत होतं?"

"शेवटच्या गाण्याला मागचं दार करकरायचं. तुम्ही दचकून मागे बघायचात. मग मी बिजागरीला तेल घालायला लागलो. दर शनिवारी."

"अकरा वर्षं?"

"पहिलं एक वर्ष नाही घातलं."

"मग त्या दिवशी बाईंना सांगितलं का नाहीत?"

"मला कोणी विचारलं नाही," घंटेकाका म्हणाले. "आणि तुम्हाला चहा मिळत होता. मी कशाला मधे मोडता घालू?"

त्या बुधवारी समितीची बैठक होती. समिती म्हणजे बाई, मी आणि वही. कपाटाच्या खोलीत बसलो होतो. मीटरभाऊ कामावरून सरळ आले, गुडघ्यांना माती तशीच. दारातच उभे राहिले.

"बाई, माझ्या कार्डात एक चूक आहे."

"दुरुस्त करू की. कुठला रकाना?"

"पहिला. पहिली भेट."

बाईंनी पान काढलं, पेनचं टोपण उघडलं. "मग कितवी लिहू?"

"मोजल्या नाहीत. अकरा वर्षांच्या असतील तेवढ्या."

पेन तसंच हवेत राहिलं. मी आधी समजलोच नाही. बाई समजल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्या एकदम म्हाताऱ्या दिसल्या.

"म्हणजे ते चर्च..."

"हेच, बाई."

मला माझं ते च् च् आठवलं आणि कानाच्या पाळ्या तापल्या. मी पाचव्या बाकावर बसतो. खांबापर्यंत पंधरा पावलंही नाहीत.

"मी तुमच्या घरी बसून म्हणाले, कसली माणसं असतात एकेक," बाई म्हणाल्या. "तुम्ही ऐकून घेतलंत. वर केकचा दुसरा तुकडा दिलात."

"तुम्ही खरंच चिडला होतात," मीटरभाऊ म्हणाले. "माझ्यासाठी कोणी चिडून फार दिवस झाले होते. मला ते मोडवेना. मी खोटं बोललो, ते चुकलंच माझं."

"तुमचं चुकलं!" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वही मिटून टाकली.

पाळकांना बाईंनीच सांगितलं. पाळक आधी हसायला गेले, मग खांदे हलायचे थांबले. पुढच्या रविवारी त्यांनी उभं राहून दोनच वाक्यं सांगितली. मागे ज्या चर्चबद्दल बोललो ते हेच चर्च आहे. आणि त्या दिवशी बोललो तो अर्धा तास मला परत घेता येत नाही. पंचवीस मिनिटांचा अर्धा तास त्यांनी स्वतःच केला. सगळ्या माना मागे वळल्या. मीटरभाऊ बुटाची नाडी बांधायला खाली वाकले होते. त्यांच्या बुटाला नाडी नाही, हे मला ठाऊक आहे.

त्यानंतर दोन रविवार त्यांच्याभोवती गर्दी झाली. लोकांनी हात दाबले, डोळे पुसले, जेवायला बोलावलं. तिसऱ्या रविवारी गर्दी कमी झाली, चौथ्याला पाच-सहा जण राहिले. माणसं वाईट नसतात हो. त्यांना त्यांची त्यांची माणसं असतात, एवढंच. मीटरभाऊंनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

बाई मात्र सोडणाऱ्या नव्हत्या. त्यांनी नवी वही आणली आणि मीटरभाऊंना समोर बसवलं. "येणाऱ्यांची नोंद झाली," त्या म्हणाल्या. "येईनासे झालेल्यांची कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे आहे थोडी," मीटरभाऊ म्हणाले.

अकरा वर्षं मागे बसून त्यांनी सगळ्यांच्या पाठी पाहिल्या होत्या. नावं त्यांना ठाऊक नव्हती. ते सांगत गेले: उजवीकडे तिसऱ्या बाकावर राखाडी स्कार्फवाल्या आजी, मान जरा डावीकडे कललेली, तीन वर्षांमागे थंडीत यायच्या थांबल्या. डावीकडे सातव्या बाकावर रुंद पाठीचे गृहस्थ, गाताना डोकं हलवायचे. पुढे पुढे नुसतेच उभे राहायचे, मग आलेच नाहीत. असे एकोणीस जण निघाले. बाई वर्णनावरून नाव ओळखायच्या, मी कोटावरून. सहा जणांचं नाव आम्हा तिघांनाही सांगता आलं नाही. ते सहा रकाने अजून कोरे आहेत.

दर शनिवारी दुपारी मी आणि मीटरभाऊ निघायचो. पहिल्यांदा राखाडी स्कार्फवाल्या आजींकडे गेलो. तीन मजले चढलो. दार एका तरुण बाईनं उघडलं. तिला आजी माहीत नव्हत्या. त्या कुटुंबाला तिथं येऊन दोन वर्षं झाली होती. समोरच्या दारातून एक गृहस्थ डोकावले, म्हणाले, "त्या होय? त्या वारल्या. तुम्ही कोण त्यांचे?"

मी काही बोलायच्या आत मीटरभाऊ म्हणाले, "एका चर्चमधले."

"चर्चमधून कोणी आलं नव्हतं तेव्हा," गृहस्थ म्हणाले. रागानं नाही, सहज म्हणाले आणि दार लावून घेतलं. जिना उतरताना मीटरभाऊ एका मजल्यावर थांबले. मला वाटलं दम लागला. ते म्हणाले, "थंडीच्या दिवसांत त्या दोन रविवार खोकत होत्या, मामा. मी मागून ऐकत होतो. मला उठून पाणी देता आलं असतं." मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. यापेक्षा मला जास्त काही जमलं नाही.

पुढच्या शनिवारी सातव्या बाकावरच्या गृहस्थांकडे. माझ्याकडे लग्नाचे कपडे अडकले होते, म्हणून मीटरभाऊ एकटेच गेले. घर एका बैठ्या चाळवजा रांगेत, शेवटचं. त्यांनी घंटी वाजवली, दोनदा वाजवली, दार ठोठावलं. आत दिवा होता, माणसाची हालचाल होती, दार काही उघडेना. दुसरा कोणी असता तर परत फिरला असता. तीस वर्षं लोकांच्या दारात उभं राहायची सवय. ते खिडकीकडे गेले आणि हात हलवला.

गृहस्थांनी दार उघडलं. खूप मोठ्यानं म्हणाले, "ऐकू येत नाही! लिहा!" आणि वर्तमानपत्र आणि पेन्सिल पुढे केली.

मीटरभाऊंनी समासात लिहिलं, "चर्चमधून आलो."

"तुम्हाला ओळखत नाही मी!"

"मी ओळखतो. तुम्ही सातव्या बाकावर बसायचात."

गृहस्थांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग आवाज एकदम खाली आला. कान गेल्यापासून आपला आवाज किती मोठा आहे हे त्यांना कळत नव्हतं, आणि गाताना एकदा पुढच्या बाकावरची मुलं हसली होती. त्यानंतर ते गायचे थांबले, आणि मग यायचेच थांबले. हे त्यांनी उभ्या उभ्या, दारातच सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं तरी सांगितलं. मग बाजूला झाले.

"आत या. बसा. घाई नाही ना?"

मीटरभाऊंनी लिहिलं, "नाही."

ते गृहस्थ चर्चला परत आले नाहीत. बाईंनी दोनदा निरोप पाठवला, पाळक स्वतः जाऊन आले, तरी नाही. मीटरभाऊ मात्र दर शनिवारी जातात. गृहस्थ सोललेलं संत्रं बशीत ठेवतात, दोघं वर्तमानपत्राच्या समासात थोडं लिहितात, पुष्कळसा वेळ नुसतेच बसतात. मी एकदा विचारलं, काय बोलता एवढं? मीटरभाऊ म्हणाले, "काही नाही. त्यांचं घर संध्याकाळी फार शांत असतं. माझंही असतं. एकाच घरात दोघं शांत बसलं की तेवढं जाणवत नाही."

घंटी ऐकू येत नाही म्हणून शनिवारी चार वाजले की ते गृहस्थ पुढचं दार उघडून ठेवतात. कधी मीटरभाऊंना यायला उशीर होतो, पावसाची सर येते, वाऱ्यानं दार आपटतं, बाहेरची धूळ आत येते. ते दार लावत नाहीत.